कुमुदताईंची उंडी

“पाय उचल! मेल्या, पाय उचल आधी! अरे पैर हटाइए, पैर!”

मी पाय उचलला. माझ्या हातात लोखंडी कपाटाचं एक टोक होतं, दुसरं टेम्पोवाल्या भैयाच्या हातात, आणि कपाटात आमच्या सुनंदाच्या लग्नापासूनच्या सगळ्या साड्या. म्हणजे वजन रेल्वे इंजिनापेक्षा थोडंसंच कमी. ते इंजिन छातीशी धरून मी एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिलो. पाऊण तास तरी उभा होतो. सुनंदा म्हणते, पाव मिनिट. बायका अशा वेळी घड्याळ बघतात, नवऱ्याचा चेहरा बघत नाहीत.

लखनौला बदली होऊन मी वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरात सामान उतरवत होतो तो हा पहिला दिवस, आणि ओरडणारी ती बाई म्हणजे आमच्या शेजारीण, डॉक्टर कुमुद परुळेकर. ठेंगणी, काटक, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात काळा गोफ आणि गोफाला लटकलेलं भिंग. त्या धावत आल्या, माझ्या अधांतरी पायाखालून एक चपटा, विटकरी दगड उचलला, फुंकर मारली, आणि चाटला. जीभ टेकवली म्हणत नाही मी. अमीनाबादेत कुल्फी चाटतात तसा चाटला.

टेम्पोवाला म्हणाला, “हे भगवान.”

“हां, आता बघा,” म्हणून त्यांनी दगड माझ्या नाकासमोर धरला. ओल्या दगडावर एक पान उमटलं होतं. अख्खं, देठासकट. “हे पान गळलं तेव्हा लखनौ नव्हतं, नवाब नव्हते, हा हिमालय तुमच्या या कपाटाएवढा होता. इतकी वर्षं ते टिकलं. आणि तुम्ही बूट घालून त्याच्यावर!”

मी म्हटलं, “चूक झाली, ताई. पण तुम्हाला कसं कळलं आम्ही मराठी?”

“तुमच्या बायकोनं टेम्पोवाल्याला ‘हळू, हळू’ म्हटलं. इथं कुणी हळू म्हणत नाही. तुमचे जिवंत नातलग कुठं असतात?”

आता घर लावणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न झाला? पण कुमुदताई प्रत्येक नव्या माणसाला हाच विचारत. त्यांच्या धंद्याची ती रीतच होती. शहरातल्या एका संस्थेत त्यांनी उभी हयात दगडातली पानं, फुलं, बिया वाचण्यात घालवली होती. दगडात पान सापडलं की ही मंडळी आधी शोधतात त्याचा आज जिवंत असलेला जवळात जवळचा नातलग. तो जर चिखलपाण्याच्या जंगलात राहत असेल, तर हे दगडातलं पानही तसल्याच जंगलात जगलं असणार, म्हणजे त्या काळी तिथं तसला पाऊस पडत असणार. नातलगावरून पान, पानावरून पाऊस, पावसावरून अख्खा देश. निवृत्त झाल्यावर दगड संपले, तेव्हा ताईंनी ही रीत माणसांना लावली.

मी म्हटलं, “बार्शीला असतात सगळे.”

“तरीच. पाणी कमी, काटे जास्त, बोलणं भरपूर. आणि बदली म्हणजे बँकेतच ना? तुम्ही मॅनेजर.”

तेव्हापासून मी मॅनेजर. माझं पाळण्यातलं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मीही कमी नव्हतो. पहिल्याच हिवाळ्यात त्यांना सांगितलं की इथलं धुकं इतकं दाट असतं की मी सकाळी टॉवेल त्यावर वाळत घातला आणि तो मला मार्चमध्ये सापडला. त्या हसल्या नाहीत. भिंगातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “मॅनेजर, तुमचं बोलणं मी दहानं भागून घेते हां. वाईट वाटून घेऊ नका. दगडाचं वय काढताना आम्हीही मागेपुढे धरूनच चालतो.”

मला अजिबात वाईट वाटलं नाही. एरवी लोक माझं बोलणं सरळ शून्यानं गुणतात.

गल्लीतली पोरं त्यांना ‘पत्थरवाली आंटी’ म्हणत. संस्थेनं निरुपयोगी ठरवलेले दगड ताईंनी नोकरीत असताना घरी आणले होते आणि फुलझाडांच्या वाफ्याला कडेनं लावले होते. एकाचं टोक तुटलेलं, एकाची शीर पुसलेली. “हे बिनकामाचे,” त्या म्हणत, “माझ्यासारखे.” आणि रोज सकाळी झारीनं झाडांबरोबर त्या दगडांनाही पाणी घालत. पलीकडच्या घरातले मिश्राजी, निवृत्त प्राध्यापक आणि पानदान हातातून न सोडणारा माणूस, एकदा अदबीनं म्हणाले, “बहनजी, बुरा न मानें तो अर्ज़ करूँ? ये उगेंगे नहीं.” ताई म्हणाल्या, “मिश्राजी, पानी पड़ते ही पत्ते दिखते हैं. और क्या उगना होता है?” मिश्राजींनी तत्काळ त्यांना एक विडा लावून दिला. लखनौत हरल्याची पावती अशी देतात.

दगडांच्या त्या कुंपणाच्या आत मात्र एका गोष्टीसाठी जागा राखलेली असे. तिथं त्या उंडी लावत.

उंडी म्हणजे काय हे मला, बार्शीच्या माणसाला, कुठून ठाऊक असणार? ताई वेंगुर्ल्याच्या बाजूच्या. घराच्या मागं वाळू, वाळूच्या पुढं समुद्र, आणि मध्ये उंडीचं झाड, अर्धं अंगणावर, अर्धं भरतीच्या पाण्यावर वाकलेलं. पांढरी फुलं, मध्ये पिवळ्या केसरांचा गोंडा, आणि वास असा की आई म्हणे, दुपारी झाडाखाली बसू नका गो, झोप लागेल. बियांचं कडू तेल काढून तिन्हीसांजेला दिवा लावायचा. गोल गुळगुळीत फळं पोरांनी गोट्या म्हणून खेळायची. आणि पानं जाड, चकचकीत. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक शिरा इतक्या दाट की फणीचे दात बरे. “त्या शिरांवर मी नखानं माझं नाव लिहायची,” ताई म्हणत. “मी अक्षर शिकले ती पाटी उंडीची.”

मग शिक्षण, मग नोकरी, आणि एकवीस-बावीस वर्षांची कुमुद परुळेकर एक ट्रंक घेऊन लखनौला. हिंदी येत नाही, मासे मिळत नाहीत, खोलीत रात्रंदिवस धूळ. तिनं ठरवलं होतं, वर्ष काढायचं आणि परत जायचं. राजीनामा डोक्यात लिहून तयार होता. तेवढ्यात तिला संस्थेच्या जीपमधून टनकपूरच्या वरच्या अंगाला नेलं. तिथं शिवालिकच्या टेकड्या सुरू होतात. हिमालयाचा उंबरठाच तो. नदीच्या काठाला मातीच्या दगडांचे थर. हातोडी मारली की दगड पुस्तकासारखा उघडतो, आणि दोन्ही पानांवर एकच छाप.

“मी फोडला एक. उघडला. बघते तर फणी!”

ताई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा इथं थांबून ओरडायच्या. पहिल्या वेळी त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या होत्या म्हणे की जीपचा ड्रायव्हर वाघ आला समजून जीप घेऊन पळाला आणि दोन मैलांवर सापडला. (हे वाक्य माझं. ताईंचा ड्रायव्हर फक्त बोनेटवर चढला होता. पण दोन मैल मला जास्त पटतं.)

“बरोबरचे साहेब म्हणाले, बेटा, जल्दी मत करो, हर्बेरियम के सूखे पत्तों से मिलाकर देखेंगे. मी म्हटलं, साहेब, काय मिळवायचं? मी ह्याच्यावर नाव लिहिलंय! हजार मैल आले मी घर सोडून. आणि इथं, डोंगराच्या पायाशी दगड फोडला, तर आत आमच्या परसातलं झाड बसलेलं.”

त्या मुलीनं राजीनामा दिला नाही. तो दगड घेऊन ती बसली ती पुढची सगळी वर्षं.

ते झाड तिथं होतं, मग गेलं कुठं, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न. आणि उत्तर त्या कुणालाही, कुठंही, काहीही वापरून समजावत. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना भाषणाला बोलावलं, हा मंडळाच्या इतिहासातला एकमेव शूर निर्णय. कार्यक्रम छावणीकडच्या एका हॉलमध्ये. स्टेजवर सतरंजी, सतरंजीवर खुर्ची, खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष गुप्ते. ताई आल्या, माइक बाजूला सारला, आणि सरळ गुडघ्यांवर बसल्या.

“ही सतरंजी म्हणजे जमीन,” त्या गरजल्या. “दक्षिणेकडून आपला देश सरकत आला. हळू, नखं वाढतात त्या वेगानं. आणि इथं धडकला!” असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी सतरंजी पुढं ढकलली. सतरंजीला चुण्या पडल्या, चुण्या वर आल्या, आणि अध्यक्षांची खुर्ची हिमालयाच्या दक्षिण उतारावरून खाली यायला लागली.

“गुप्ते, हलू नका! तुम्ही सदाहरित जंगल आहात!”

गुप्ते खुर्चीला धरून बसले. ताई म्हणाल्या, आधी इथं वर्षभर ओल होती. उंडीच्या कुळातली झाडं, आज सह्याद्रीत नाहीतर ईशान्येकडच्या ओल्या रानात दिसतात तसली झाडं, इथं डोंगराच्या पायाशी सुखानं राहत होती. भिंत वर चढत गेली, तशी वाऱ्यांची वाट बदलली. पाऊस चार महिन्यांत गोळा झाला. चार महिने बुडायचं, आठ महिने तहानेनं बसायचं. त्यात सगळ्या पृथ्वीलाच गारठा भरत चालला होता, एकट्या डोंगराला शिव्या देऊ नका. पण ज्यांना आठ महिन्यांची तहान सोसेना त्यांचं काय?

“तीन वाटा असतात. सरका, बदला, नाहीतर दगड व्हा.”

मग त्यांनी आवाज खाली आणला. डोंगर नुसता हुसकत नाही, म्हणाल्या. भिंतीला हजार कोपरे असतात, कुठं ऊन, कुठं सावली, कुठं बर्फाचं पाणी. एकाच तेरड्याचं बी वेगवेगळ्या दऱ्यांत पडतं, दऱ्यांची एकमेकींशी भेट बंद होते, आणि काही लाख वर्षांनी बघावं तर प्रत्येक दरीत फूल निराळं. “गुप्ते, तुमचा नातू मराठीत प्रश्न ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो ना? झालं. दरी पडली. आणखी थोडा वेळ द्या, त्याला वेगळी फुलं येतील.”

नातू मागच्या रांगेतून ओरडला, “क्या आंटी, मैंने क्या किया?” टाळ्या अशा पडल्या की गणपतीच्या मागची झालर खाली आली. गुप्ते मात्र त्यानंतर कुठल्याही स्टेजवर आधी वाकून सतरंजी खिळलेली आहे का ते बघत.

तर ही उंडी. ताईंनी ठरवलं होतं की डोंगरानं हुसकलेलं झाड आपण परत आणायचं. वेंगुर्ल्याहून भाची नंदा दर वर्षी बिया पाठवायची. ताई रुजवायच्या. रोप वर यायचं, चार-सहा पानं धरायचं, आणि मग एकतर मे महिन्यातली लू, तो तापलेला वारा, त्याला तळून काढायची, नाहीतर जानेवारीतलं धुकं काळं करायचं. लखनौची लू तुम्हाला ठाऊक नसेल. गच्चीवर पापड वाळत घाला, भाजून खाली येतात. एका वर्षी तर रोप दोन्हींतून वाचलं आणि एका माकडानं शेंडा खुडला. उंडीचा चीक कडू. माकडानं एकदा चावलं, आकाशाकडे पाहिलं, आणि वृंदावन योजनाच सोडली. आता ते गोमतीपार राहतं.

रोप गेलं की मी सांत्वनाला जायचो. “मेलं का, ताई?”

“मेलं नाही म्हणायचं, मॅनेजर. जमलं नाही म्हणायचं.” मग वाफा उकरत म्हणायच्या, “आणि मला झाडाची हौस नाही. झाड सरकत नाही, बी सरकतं. नुसतं झाड लावलं तर तो पाहुणा. त्याला फूल यावं, फूल धरून बी व्हावं, बी आपलं आपण इथल्या मातीत पडावं आणि कुणी न लावता रुजावं. तेव्हा म्हणायचं, आली उंडी परत. एवढं एकदा बघायचंय मला.”

एकदा त्यांच्या संस्थेतले सक्सेना चहाला आले होते. ताईंच्या हाताखाली तयार झालेला सज्जन माणूस. बोलायच्या आधी दोन वेळा माफी मागायचा. मीही होतो, कारण चहाबरोबर खोबऱ्याच्या वड्या होत्या. सक्सेनांनी वाफ्यातल्या नव्या रोपाकडे पाहिलं, कप खाली ठेवला, परत उचलला.

“मैडम, माफ़ कीजिएगा. एक बात पूछूँ?”

“पूछो.”

“फॉसिल वाली तो पहाड़ की है. जंगल वाली. और ये जो आप लगाती हैं, ये तो समुद्र किनारे वाली है. कुल एक है, पर… यहाँ तो ये कभी थी ही नहीं.”

मी वडी तोंडातच धरली. ज्या बाईनं शिरांच्या एका वळणावरून भल्याभल्यांनी दगडातल्या पानांना दिलेली नावं खोडली होती, तिला तिचाच शिष्य सांगत होता की तुम्ही चुकीच्या बहिणीला माहेरी आणताय. मला वाटलं, आता छत उडणार.

ताईंनी बशीत चहा ओतला. “मुझे पता है, सक्सेना. पहिल्या दिवसापासून पता आहे.”

“तो फिर मैडम, वो दूसरी क्यों नहीं? पूर्वोत्तर से मँगवा देता हूँ. शायद ठंड भी सह ले.”

“वो मुझे पहचानती नहीं,” ताई म्हणाल्या.

सक्सेनांनी जाताना पहिल्यांदाच वाकून नमस्कार केला, आणि पुढच्या आठवड्यात कुजलेल्या शेणखताचं एक पोतं स्कूटरवरून स्वतः आणून टाकलं. चुकीच्या बहिणीसाठी.

शेवटी जे रोप टिकलं ते ताईंच्या डोक्यामुळं आणि आमच्या स्वयंपाकघरामुळं. ताईंचं घर आणि आमचं घर यांच्या मध्ये एक बोळ होता, हातभर रुंद जागा. तिथं लू शिरत नसे आणि दुपारचं ऊन तिरकं यायचं. एका थंडीत ताईंनी आमच्या भिंतीला बाहेरून हात लावला, मग गाल लावला. तशाच गाल लावून उभ्या राहिल्या. मी विचारलं, “ताई, बरं वाटत नाही का?”

“मॅनेजर, वहिनींचा गॅस कुठल्या भिंतीला आहे?”

“समोरच्या.”

“इकडं घ्या.”

माणसं शेजाऱ्याकडं विरजण मागतात, साखर मागतात. ही बाई आमचं स्वयंपाकघर फिरवून मागत होती! सुनंदा कमरेवर हात ठेवून बाहेर आली. मी खाली बसून घेतलं, कारण दोन ज्वालामुखींच्या मध्ये उभं राहू नये हे भूगोलात शिकलो होतो. पण ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “वहिनी, सगळं हवामान बिघडतं ना, तेव्हाही एखादी दरी राहते. वारा न लागणारी, जराशी उबदार. तिथं काही झाडं तग धरून बसतात, बाहेरचं बरं होईपर्यंत. मला इथं दुसरी दरी दिसत नाही.”

सुनंदानं कमरेवरचे हात खाली घेतले. मग मला म्हणाली, “बघत काय बसलाय? प्लंबरला फोन करा.”

ओटा फिरला. गॅस त्या भिंतीशी आला. उंडी बोळात, भिंतीला पाठ लावून वाढायला लागली. सुनंदा भाकरी भाजायची तेव्हा बाहेर उंडीला ऊब लागायची. जानेवारीत धुकं उतरलं की ताई तिच्या बुंध्याला माझी जुनी रजई गुंडाळायच्या आणि शेंड्याला माकडटोपी घालायच्या. मिश्राजी रोज सकाळी फाटकाशी थांबून विचारायचे, “बहनजी, बिटिया को सर्दी तो नहीं हुई?” ताई आतून ओरडायच्या, “नहीं, पर आप पान मत थूकिए उधर!” आयुष्यात कधी रस्त्यावर न थुंकलेले मिश्राजी कान पकडायचे आणि प्रसन्न होऊन पुढं जायचे.

उंडी कुंपणाच्या वर गेली. मग खिडकीच्या वर. पानं अशी चकचकीत की सुनंदा त्यांत बघून टिकली लावायची. पण फूल नाही. ताई रोज सकाळी भिंग घेऊन एकेक शेंडा तपासायच्या. “आज?” मी विचारायचो. “पानं,” त्या म्हणायच्या. त्या एका शब्दात काय काय असायचं ते मला लिहून दाखवता येणार नाही, आणि मी तर बँकेच्या परिपत्रकावरसुद्धा पोवाडा रचणारा माणूस.

मग भिंग पुरेनासं झालं. आधी डोळे, मग गुडघे. एकदा वाफ्यापाशी पडल्या आणि माझी हाक येईपर्यंत तिथंच दगडांना टेकून बसून राहिल्या. नंदा वेंगुर्ल्याहून आली आणि चार दिवस आत्याशी भांडली. भांडण मालवणीत, आवाज असा की पलीकडच्या सेक्टरातले लोक गच्चीवर आले. “आत्ये, थंय उंडीखाली बसान रव! हंय कोण आसा तुझा?” ताई बोळाकडे बोट दाखवायच्या. नंदा कपाळाला हात लावायची.

शेवटी ताई सरकल्या. घर मिश्राजींनी घेतलं, मुलासाठी. झाडाचं काय, हे विचारायला ताईंनी तोंड उघडलं तेव्हा म्हातारा आधीच म्हणाला, “बिटिया हमारी अमानत है, बहनजी. दीवार हटेगी, वो नहीं.”

अमौसीच्या विमानतळावर मी सोडायला गेलो. गाडीत ताई एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मी बोललो तेही भागायला पुरणार नाही इतकं थोडं. आत जाताना एवढंच म्हणाल्या, “वहिनींना सांगा, गॅस हलवू नका.” नंदानं त्यांचा हात धरला आणि काचेचं दार मागं बंद झालं.

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आत तपासणीच्या यंत्रापाशी त्यांची पिशवी अडकली. जवानानं ती उघडली आणि बाहेर काढला एक चपटा, विटकरी दगड. तोच, माझ्या पायाखालचा. जवान काहीतरी विचारत होता, ताई काहीतरी सांगत होत्या. काचेमुळं मला त्यांचा आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बोलताना मला ऐकू येत नव्हत्या. जवानानं मान हलवली. मग ताईंनी दगड हातात घेतला आणि, अख्ख्या रांगेसमोर, चाटला. जवान मागं सरकला. ताईंनी दगड त्याच्यासमोर धरला. तो वाकला. आणखी वाकला. दुसऱ्या जवानाला हाक मारली, तोही वाकला. मागची रांग थांबून राहिली. मग पहिल्या जवानानं दोन्ही हातांनी तो दगड पिशवीत ठेवला, झोपलेलं पोर ठेवावं तसा. ताई लंगडत पुढं गेल्या. मागं वळून पाहिलं नाही. मी वाट बघितली.

मी पुढं लखनौतच निवृत्त झालो. मुलीनं इथलाच मुलगा केला, नात ‘आजोबा’ म्हणते आणि पुढचं सगळं हिंदीत. मी सरकलो नाही, बदललोही नाही. म्हणजे मी काय झालो ते उघड आहे. गॅस अजून त्याच भिंतीला आहे. थंडीत टोपी आता मिश्राजींची सून घालते, आणि रजई मी बांधतो, वाईट बांधतो.

या वर्षी दिवाळी झाल्यावर, धुकं यायच्या थोडं आधी, सुनंदा भाजी चिरताना थबकली आणि म्हणाली, “अहो, कसला वास येतोय?” मी बोळात धावलो. एका शेंड्याला कळ्यांचा तुरा आला होता. तुऱ्यातल्या बहुतेक कळ्या खाली गळून पडल्या होत्या. एक उमलली होती. पांढरी, मध्ये पिवळा गोंडा.

मी तिथंच उभं राहून फोन लावला. नंदानं उचलला, “आत्ये, लखनौ,” म्हणाली आणि दिला.

“ताई!” मी असा ओरडलो की मिश्राजी पानदान घेऊन बाहेर आले. “ताई, उंडी फुलली! लखनौत उंडी फुलली!”

पलीकडे समुद्र ऐकू येत होता. पंखाही असेल.

“किती?” ताईंनी विचारलं.

मला हजार म्हणता आलं असतं. तोंडात आलंच होतं.

“एक,” मी म्हटलं.

“दहानं भागून?”

“न भागता, ताई. एकच आहे.”

“बरं,” कुमुदताई म्हणाल्या. “बी धरलं आणि पडलं, तर उचलू नका.”